घंटेची जीभ

१

धुके उतरले त्या सकाळी आमच्या वाटेवरची घंटा वाजली नाही, एका शिक्षिकेचा पाय मोडला, आणि दुपारची जेवणे होईपर्यंत सगळ्या गावाने ठरवून टाकले की दोष माझ्या धाकट्या सुनेचा.

गावाला ठरवायला वेळ लागत नाही. मला लागतो, आणि तो मी घेते.

आमची वाट म्हणजे समुद्राच्या कड्यावरून भूशिरापर्यंत जाणारी पायवाट. तिच्या तोंडाशी माझे घर आहे. खाली जेवणघर, वर पाहुण्यांच्या खोल्या. माझ्या यजमानांनी ती वाट राखली, त्यांच्यामागे धाकट्या मुलाने राखली, आणि तो गेल्यापासून त्याची बायको राखते. पाहुण्यांना नेणे-आणणे, पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडणे, कडेच्या दगडांना चुना लावणे आणि धुके उतरले की फाट्यावरची घंटा वाजवणे, ही तिची कामे. भूशिरावरून परतताना त्या फाट्यावर दोन वाटा होतात. एक घरी येते, दुसरी घळीच्या काठावर संपते. धुक्यात दोन्ही सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, म्हणून तिथे घंटा.

माझ्याकडे पाहुणी म्हणून उतरलेली ती शिक्षिका सूर्योदय पाहायला एकटीच भूशिरावर गेली होती. परतताना धुक्याने गाठले. घंटा ऐकू येईना, ती चुकीच्या फाट्याला वळली आणि घळीत घसरली. माझ्या थोरल्याने तिला पाठीवर घालून आणले, म्हणून ती वाचली. गावाने त्याची पाठ थोपटली आणि धाकटीकडे पाठ फिरवली.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दगडाने घंटा बडवून बडवून तिचे तळवे सोलले होते.

"आई, धुकं दिसल्याबरोबर मी धावले," ती म्हणाली. "पण घंटेत जीभच नव्हती."

घंटेच्या लोलकाला आमच्या घरात जीभ म्हणतात. नुसत्या दगडाचा आवाज वाऱ्यापुढे चार पावलेही टिकत नाही. पण हे कोण ऐकणार? घंटा वाजवायला ही विसरली आणि ते झाकायला लोलक हिनेच समुद्रात फेकला, असे वाट समितीतली माणसे उघड बोलू लागली होती. त्याच सकाळी ती घंटेची पाहणी करायला येणार होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समिती माझ्याच जेवणघरात बसणार होती. धाकटीकडून वाट काढून घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. नवऱ्यामागे तिच्यापाशी ती वाट सोडून दुसरे काही उरलेले नव्हते. माणूस म्हणून तिचे नावही त्या वाटेलाच बांधलेले होते.

मी तिला धीर वगैरे दिला नाही. धीर हा ज्याचा त्याने आणायचा असतो. मी एकच विचारले.

"लोलक अडकवायची खुंटी कुठे होती? खाली पडली होती का?"

ती गोंधळली. मग आठवून म्हणाली, "नाही. खुंटी जागेवरच होती. भोकात."

मी हातातली पळी खाली ठेवली. चोर बाहेरचा नव्हता.

२

तरीही बाहेरच्यांपासूनच सुरुवात केली. घरातल्या माणसावर बोट ठेवायचे असेल तर आधी बाकीची बोटे मोजून पाहावीत.

पहिला आला हॉटेलवाला. वळणावरचे मोठे हॉटेल त्याचे आणि माझ्या घरावर त्याचा डोळा. तो समितीचा सभासदही होता. अपघाताचे फार वाईट वाटल्याचे त्याने सांगितले आणि सांगता सांगता माझ्या छताच्या तुळया न्याहाळल्या. लोलक गेल्याने त्याचे भले होणार होते हे त्याने नाकारले नाही. "आजी, मला तुमचं घर हवं आहे, हे मी तुम्हाला तोंडावर सांगत आलो आहे," तो म्हणाला. "त्यासाठी मी कड्यावर चढेन का? माझं पोट बघा." मी पाहिले. पुरावा म्हणून ते पुरेसे मोठे होते.

दुसरा कप्तान. हा निवृत्त दर्यावर्दी. चार दिवसांसाठी म्हणून आला आणि वरची कोपऱ्याची खोली धरून बसला, त्याला आता वर्ष होईल. रोज रात्री जेवताना तो पाहुण्यांना वाटेवरच्या नवलांच्या गोष्टी सांगे, आणि राक्षसाच्या जोड्याची गोष्ट तर अशी सांगे, की जणू मापही यानेच घेतले होते. धाकटीच्या विरुद्ध सर्वांत भारी साक्ष याचीच होती. सकाळी धुके दाटत असताना आपण घंटेपर्यंत जाऊन आलो आणि लोलक आपल्या डोळ्यांनी पाहिला, असे तो साऱ्या गावाला सांगत होता. म्हणजे त्यानंतर तिथे पोचली ती धाकटीच.

"एवढ्या धुक्यात वाट कशी सापडली, कप्तान?" मी विचारले.

"दर्यावर्दी माणूस खुणेवर चालतो, बाईसाहेब. जाताना कडेचे पांढरे दगड धरले. एक दिसला की पाऊल, दुसरा दिसला की पाऊल."

मी मान हलवली आणि त्याला आणखी चहा दिला. धाकटीने दारातून माझ्याकडे पाहिले. तिला वाटले असावे, सासूबाईही फितूर झाल्या.

तिसरा माझा थोरला. त्याची बायकामुले शहरात असतात. हा घराच्या डागडुजीसाठी माझ्यापाशी राहतो. कमी बोलतो आणि हुकूम ऐकतो. मी त्याला विचारले, इतक्या सकाळी, धुक्यात, घळीपाशी तू कसा होतास? एक पायरी निखळली आहे असे कोणी म्हणाले होते, ती बसवायला गेलो होतो, असे तो म्हणाला. घंटेजवळ गेला होतास का? "नाही आई. धाकट्याने वाट हाती घेतल्यापासून मी घंटेला हात लावलेला नाही. ती त्याची होती. आता तिची आहे."

हे तो खाली मान घालून बोलला. मी खिडकीबाहेर पाहिले. त्याची पहार आणि थापी अंगणातल्या कोनाड्यात आदल्या दिवसापासून जशीच्या तशी होती, आणि पहारीवर कोळ्याने जाळे विणून ठेवले होते.

पायरी बसवायला गेलेला माणूस पहार घरी ठेवून गेला होता.

३

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. मी काठी मागवली आणि धाकटीला म्हणाले, चल, मला वाट दाखव.

"आई, तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. त्यांना माझं ऐकावं लागतं."

पाहुण्यांना दाखवते तशीच मला दाखव, असेही मी बजावले. तिने दाखवली. पहिली शिट्टीची खिंड. तिथे वारा दोन खडकांमधून शिरला की माणसासारखी शिट्टी ऐकू येते. खिंडीनंतर वाट एकदम अरुंद होते आणि उजव्या हाताला सरळ खाली समुद्र दिसतो. पुष्कळांचे पाय तिथेच थांबतात. पुढे रुसलेल्या जावा. एकमेकींकडे पाठ करून उभ्या असलेल्या दोन शिळा. एका चुलीवरून भांडल्या आणि दगड झाल्या म्हणतात. ही गोष्ट ऐकून पाहुण्या बायका नेहमी हसतात आणि त्यांचे नवरे हसत नाहीत, असे धाकटी म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडा जीव आला.

मग राक्षसाचा जोडा. घळीच्या तोंडाशी पडलेला बुटाच्या आकाराचा खडक. राक्षस समुद्रात उतरताना एक जोडा काठावर विसरला, तो अजून परत आलेला नाही. जोड्याच्या पुढच्या टोकाला आतून पोकळ आहे. माझी दोन्ही मुले लहान असताना माझ्यापासून लपवायचे ते सारे तिथे लपवीत: फुटलेली कपबशी, मोडलेली छत्री, एकदा तर माझा चष्मा.

वाटेने जाताना कडेचे दगड आमच्याकडे काळी पाठ करून बसले होते. मी थांबून एकावर हात ठेवला. पलीकडच्या अंगाला चुना ओला होता.

"काल संध्याकाळीच लावला," धाकटी म्हणाली. "काढून घ्यायची असली तरी वाट नीट असलेली बरी."

अशी सून मिळायला भाग्य लागते. हे मी तिला सांगितले नाही. डोक्यावर बसली असती.

घंटा फाट्यावर दोन खांबांच्या मधल्या आडव्या तुळईला टांगलेली आहे. लोखंड खाऱ्या हवेत गंजते, म्हणून पितळी लोलक लाकडी खुंटीवर अडकवलेला असतो. खुंटीला एका टोकाला गोल डोके, दुसरे टोक निमुळते. माझ्या यजमानांच्या काळात एकदा तेलपाणी करताना ती खुंटी हातातून निसटून कड्याखाली गेली, तेव्हापासून त्यांनी दोन्ही मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली: जीभ हातात, खुंटी भोकात. लोलक काढला की आधी खुंटी परत जागेवर, मग दुसरे काम. मुले झोपेतसुद्धा ते विसरली नसती.

यजमान गेल्यानंतरच्या वादळात समुद्रावरच्या वाऱ्याने ती खुंटी मागून ढकलून बाहेर काढली आणि लोलक गळून पडला. गावात त्याचीही दंतकथा झाली, की मालक गेला म्हणून घंटेने मौन धरले. धाकट्याला दंतकथा आवडत, पण तो त्यांवर विसंबत नसे. त्याने लोलक पुन्हा टांगला तो अशा रीतीने, की वारा खुंटीला बाहेर न ढकलता आतच दाबील. पुढे लग्न होऊन ही आली, तिला त्याने तीच रीत शिकवली.

मी घंटेपाशी गेले आणि जमिनीच्या अंगाला उभी राहून वर पाहिले. समुद्र घंटेच्या पलीकडे होता. खुंटीचे गोल डोके थेट माझ्याकडे पाहत होते.

मी काठीवर भार देऊन तिथेच उभी राहिले. धाकटीने विचारले, दम लागला का? मी हो म्हटले. खोटे बोलले, पण ते माझे मला पुरले.

परत निघालो तेव्हा कडेचे सगळे दगड आमच्या पुढे पांढरे शुभ्र चमकत होते. जोड्यापाशी मी तिला पुढे जायला सांगितले. ती वळणाआड गेली तशी मी वाकले आणि काठी जोड्याच्या पोकळीत आत, अगदी टोकापर्यंत घातली.

आतून पितळेचा आवाज आला.

४

संध्याकाळी समिती बसली. अध्यक्ष म्हणून गावचे म्हातारे डॉक्टर. माझ्या दोन्ही मुलांचा जन्म त्यांच्याच हातचा. शेजारी हॉटेलवाला, बाकीचे सभासद, साक्षीला कप्तान. थोरला भिंतीशी उभा. धाकटी मात्र बसायला तयार नव्हती. मी सांगून टाकले, की माझे बोलणे संपेपर्यंत चहा कोणालाही मिळणार नाही. त्यामुळे सगळे नीट ऐकू लागले.

आधी कप्तानाला पुन्हा सारे सांगायला लावले. त्याने सांगितले. पांढरे दगड धुक्यातून दातांसारखे चमकत होते, असे या वेळी त्याने पदरचे घातले.

"जाताना?" मी विचारले.

"जाताना, बाईसाहेब."

"कप्तान, आमच्या वाटेवरचे दगड एकाच अंगाने पांढरे असतात. माणूस निघतो उजेडात आणि धुक्यात सापडतो परतताना. म्हणून चुना फक्त परतणाऱ्याला दिसेल अशाच बाजूला लावायचा, ही या घराची पद्धत. जाणाऱ्याला दिसते ती दगडांची काळी पाठ. तुम्ही जाताना पांढरे दगड पाहिले असतील, तर तुम्ही तिकडे उलटे चालत गेला असणार."

कोणीतरी खोकला. हॉटेलवाल्याने रुमाल तोंडाला लावला. कप्तानाची मिशी हळूहळू उतरली.

"शिट्टीच्या खिंडीच्या पुढे मी कधीच गेलेलो नाही," तो अखेर म्हणाला. "खाली पाहिलं की डोकं गरगरतं."

"आणि जहाजावर?" डॉक्टरांनी विचारले.

"जहाजावर पाणी जवळ असतं हो."

आदल्या सकाळी जो तो कुठे होता ते सांगत होता. आपण पांघरूण घेऊन खोलीत होतो असे सांगणे त्याच्या मिशीला शोभले नसते, म्हणून त्याने एक फेरफटका रचला. वर्षभर माझ्याच टेबलावर ऐकलेल्या गोष्टी तो पाहिल्यासारख्या सांगत आला होता. ही त्यांतली एक. पण या एका बढाईने एका बाईचा घास जाणार होता. त्याने उठून धाकटीची क्षमा मागितली. तिने ती लगेच दिली नाही, आणि ते योग्यच होते.

"म्हणजे लोलक कधी गेला, हे कोणालाच ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ताई, तो सुनेनं काढला नाही, हे यावरून सिद्ध होत नाही."

"नाही होत. आता ते करते."

मी त्यांना खुंटीची हकीकत सांगितली. परका माणूस लोलक काढील तर खुंटी टाकून देईल. निरुपयोगी लाकूड पुन्हा भोकात घालत कोण बसेल? ते फक्त या घरातला हात करील. इथवर बोट धाकटीकडेच होते. सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. मी पुढे गेले. खुंटी घालण्याच्या रीती दोन. माझ्या मुलाने बसवलेली रीत म्हणजे डोके समुद्राकडे. माझ्या सुनेला तेवढीच येते, कारण ती या घरात आली तेव्हा जुनी रीत मोडून गेली होती. आज खुंटीचे डोके जमिनीकडे आहे. ज्या हाताने लोलक काढला, तो हात जुना आहे. वादळानंतर त्याने घंटा कधी हाताळलेलीच नाही, म्हणून खुंटी परत घालताना तो जुन्या सवयीनेच चालला.

"जुनी रीत ठाऊक असलेली दोनच माणसं आज जिवंत आहेत," मी म्हणाले. "त्यांतली एक मी. गुडघे धड असते तर तुम्ही माझ्यावरही संशय घेऊ शकला असता."

मग मी पदराखालचा लोलक काढून टेबलावर ठेवला. नाव घेतले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण दातांनी स्वतःहून कबूल करावे एवढी माझी इच्छा होती. म्हणून मी थांबले.



५

थोरला भिंतीपासून पुढे आला.

"मीच काढला," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी. हवा स्वच्छ होती."

त्यानंतर त्याने जे सांगितले ते त्याच्या एरवीच्या वर्षभराच्या बोलण्याइतके होते. सकाळी समिती घंटेची पाहणी करायला येणार होती. घंटा मुकी दिसली की निष्काळजीपणा ठरून वाट घरातून जाईल. वाट गेली की आई घराला चिकटून राहणार नाही, घर विकील, आणि आपण सुटून बायकामुलांकडे जाऊ. पाहणी झाली की लोलक परत ठेवायचा होता. बापाची वस्तू समुद्रात टाकायला हात धजला नसता. पण पहाटे त्याने खिडकी उघडली तर बाहेर काहीच दिसेना. तो लोलक परत लावायलाच धावला होता. जोड्यापाशी पोचला आणि घळीतून हाक ऐकू आली. लोलक तिथेच राहिला आणि त्याने बाईला पाठीवर घेतले. नंतर सगळे पाठ थोपटू लागले, तेव्हा तोंड उघडले नाही.

"हॉटेलवाल्यांनी सांगितलं होतं का?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही. ते फक्त घराचं विचारायचे. बाकीचं माझं."

मग तो माझ्याकडे वळला. "आई, तुला सोडून जाता येत नव्हतं, आणि तुला हलवताही येत नव्हतं."

"मग माझ्याशी भांडायचं होतंस," मी म्हणाले. "मी हरले नसते. पण तू माणसासारखा भांडला असतास."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितले, की वाट सुनेकडेच राहील. तिच्यावरचा ठपका उद्या सकाळी गावभर जाहीरपणे पुसला जाईल. थोरल्याचे काय करायचे ते मात्र जिचा पाय मोडला आणि जिचे नाव गेले, त्या दोघींनी ठरवावे.

धाकटी पहिल्यांदा खुर्चीवर बसली. सोललेले तळवे मांडीवर उलटे ठेवून ती बराच वेळ लोलकाकडे पाहत होती.

"भाऊजी, आधी दवाखान्यात जा आणि बाईंना तुमच्या तोंडानं सांगा. त्या म्हणतील ते भोगा," ती म्हणाली. "आणि यापुढे धुकं उतरलं की घंटा तुम्ही वाजवायची. धुकं उठेपर्यंत. मी माणसं आणायला पुढे जाईन. माझ्यामागे घंटा वाजत राहील यावर मला डोळे मिटून चालता आलं पाहिजे. तेवढं जमेल का?"

थोरल्याने मान डोलावली.

मी चहा ठेवायला उठले.

शिक्षिकेने त्याला सोडले, पण सहज नाही. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला असताना तिने त्याला समोर उभे करून सारे ऐकले आणि म्हणाली, पाठीवर घेतलंत तेव्हाच सांगायचं होतं. मी सबंध वाटभर तुम्हाला आशीर्वाद देत होते, आता त्यातले किती परत घेऊ? ती चालती होईपर्यंत तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या त्यानेच केल्या. हॉटेलवाल्याला मी घराबद्दल शेवटचे उत्तर दिले, तेच पहिलेही होते. कप्तान खोली सोडणार होता. मी सोडू दिली नाही. एका सकाळी धाकटी त्याला कमरेला दोर बांधून खिंडीच्या पलीकडे घेऊन गेली. परत आला तेव्हा तोंड पांढरे पडले होते, आणि त्या रात्री जेवताना त्याने एकही गोष्ट सांगितली नाही.

थोरल्याला मी सांगितले, धुक्याचा हंगाम संपला की बायकामुलांकडे जा. घर मी सांभाळीन. तुझ्या जन्माआधीपासून मीच ते सांभाळते आहे.

आज धुके उतरले आहे. खिडकीतून अंगणातली विहीरसुद्धा दिसत नाही. धाकटी भूशिरावर अडकलेल्या पाहुण्यांना आणायला गेली, तिला तास होऊन गेला. जेवणे उरकली, भांडी आवरली, आणि घंटा अजून वाजते आहे. एका लयीत, न थकता, माझ्या यजमानांच्या हातासारखी.

मी थोरल्याचे ताट वाढून चुलीजवळ ठेवले आहे आणि त्यावर झाकण घातले आहे. खिडकी मात्र उघडीच ठेवली आहे.